नाव वाचण्याआधी

“आले, पावलं मोजणारे आले. खुर्ची आत घे, नाहीतर चार वाजेपर्यंत हलायचे नाहीत.”

आवाज कपाटामागून आला. बोलणाऱ्या बाई दिसत नव्हत्या, पण खुर्ची फरशीवरून ओढल्याचं स्पष्ट ऐकू आलं. माझ्या नोकरीचा तो दुसराच दिवस होता. मी कृषी कार्यालयाच्या दारात थबकले. माझ्याबद्दल कुणी असं बोललं असतं तर मी जिन्यावरूनच परत गेले असते आणि पुढचे चार दिवस ताप आल्याचं कळवलं असतं. ज्यांच्या हाताखाली मी लागले होते ते काका मात्र सरळ आत गेले आणि कपाटाकडे तोंड करून म्हणाले, “राहू द्या हो खुर्ची. बसायचं काम तुमचं. मी उभाच असतो.”

आणि ते खरंच उभे राहिले. तीन तास. समोर शेतकऱ्यांच्या अनुदानाची रजिस्टरं, हातात पेन्सिल, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा. माहितीच्या अधिकारात कागद पाहायची रीतसर परवानगी आम्ही घेतली होती, त्यामुळे कुणाला नाही म्हणता येत नव्हतं. चहा मात्र सगळ्यांना आला, आम्हाला आला नाही.

आमची संस्था अगदी लहान होती. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि चार माणसं. शेतीसाठी सरकारने दिलेलं अनुदान कुणाच्या नावावर गेलं, कशासाठी गेलं आणि ती वस्तू खरोखर जागेवर आहे का, एवढंच आम्ही पाहायचो. शेततळं असेल तर तळं, ठिबक असेल तर नळ्या, फवारणीचा पंप असेल तर पंप. मग त्या गावात जाऊन यादी मोठ्याने वाचायची. काका कृषी खात्यातूनच निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी शेतात जाऊन मोजमापं घेतली होती, आणि निवृत्तीनंतर तेच काम ते उलट्या बाजूने करत होते. मला त्यांच्या हाताखाली याद्या टाइप करायला घेतलं होतं. मुलाखतीत मी फारसं बोलले नाही, हीच माझी गुणवत्ता ठरली असावी.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी आम्ही मराठी बोलायचो, पण वाचायचो इंग्रजी. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझा आजही गोंधळ होतो. काकांच्या हे पहिल्या आठवड्यात लक्षात आलं. ते रागावले नाहीत. रोज सकाळी एक पान माझ्यापुढे सरकवायचे आणि म्हणायचे, “वाचा.” मी वाचायचे. ते वर न बघता म्हणायचे, “ऐकू आलं नाही.” मी त्यांच्यापासून चार फुटांवर बसलेली असायचे. पुन्हा वाचलं की, “आता मला आलं. त्या पंख्याखालच्या गृहस्थांना नाही आलं.” पंख्याखालचे गृहस्थ म्हणजे आमचे हिशेबनीस. ते बिचारे दोन्ही हात वर करून म्हणायचे, “आलं हो आलं, मला सोडा.”

काका गंज पेठेतले. कित्येक पिढ्यांचे पुणेकर. त्यांच्या मराठीपुढे मला माझी मराठी भाड्याने घेतल्यासारखी वाटायची. ऑफिसात नवीन आलेल्या एका मुलाने त्यांचं मुसलमानी नाव ऐकून पहिल्याच दिवशी त्यांना लाडाने ‘चाचा’ म्हटलं. काकांनी त्याला जवळ बोलावलं. “समोरचे ते हिशेबनीस. त्यांना काय म्हणता?”

“काका.”

“खालच्या चहावाल्याला?”

“काका.”

“मग मी एकटाच परगावचा का?”

त्या दिवसापासून ते सगळ्यांचे काका. मला मात्र ते शेवटपर्यंत ‘तुम्ही’ म्हणत राहिले. तेवीस वर्षांच्या मुलीला साठी उलटलेला माणूस ‘तुम्ही बसा’, ‘तुम्ही पाणी घ्या’ म्हणतो, याचा मला इतका संकोच वाटायचा की मी एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, “यादीत आपण कुणाला अरे-तुरे करतो का? मग इथे कशाला?”

त्यांचं पाऊल दोन फूट दोन इंच होतं. हे मला माहीत आहे, कारण दर महिन्याच्या एक तारखेला ते ऑफिसच्या व्हरांड्यात टेप पसरायचे आणि दहा पावलं चालायचे. टेपचं दुसरं टोक मी धरायचे. “वयाबरोबर पाऊल आखूड होतं,” ते म्हणाले होते. “माणसाला वाटतं आपण तेवढंच चालतोय. मग मापात चोरी होते आणि चोर कोण ते सापडत नाही.” एका महिन्यात पाऊल अर्धा इंच कमी भरलं, तेव्हा ते जुन्या मोजमापांतली तीन गावं पुन्हा जाऊन मोजून आले. शेतात टेप का नेत नाही, असं मी विचारलं होतं. टेप काढला की शेतकरी घाबरतो आणि गावचा पुढारी धावत येतो, हे त्यांचं उत्तर. चालणाऱ्या म्हाताऱ्याकडे कुणी बघत नाही.

त्यांचे वडील बाइंडिंग करायचे. सरकारी कार्यालयांची जाडजूड रजिस्टरं त्यांच्या हातची असत, आणि लहानपणी काकांनी वडिलांसाठी सुईत दोरा ओवला होता. त्याचा उपयोग कसा व्हायचा ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. एका तालुक्याच्या कार्यालयात आम्हाला मोजमापाचं रजिस्टर दाखवलं. पानांवर क्रमांक होते आणि सगळे ओळीने होते. मी समाधानाने मान हलवली. काकांनी रजिस्टर उघडलं, शिवणीच्या खोबणीतून अंगठा वरपासून खालपर्यंत फिरवला आणि थांबले.

“इथलं एक पान गेलंय,” ते म्हणाले.

“क्रमांक बघा की,” साहेब म्हणाले. “एकही चुकलेला नाही.”

“क्रमांक पेनाने घालता येतात.” काकांनी सहा पानं पुढे उलटली आणि एक पान चिमटीत धरून हलकेच ओढलं. ते तसंच हातात आलं. “कागद मधे दुमडून शिवतात, साहेब. एका कागदाची दोन पानं होतात, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. इकडचं फाडलं की तिकडचं सैल पडतं. फाडणाऱ्याला हे माहीत नसतं, कारण त्याने कधी शिवलेलं नसतं.”

साहेबांनी चहा मागवला. त्या कार्यालयात आम्हाला चहा मिळाला तो तेवढाच.

याद्या तर आम्ही आधीच लावल्या आहेत, असं प्रत्येक कार्यालय सांगायचं. खरंच लावलेल्या असायच्या, जिन्याखाली, काचेच्या पेटीत, बारीक अक्षरांत. काका त्या पेटीसमोर उभे राहून म्हणायचे, “यादी भिंतीला लावली. भिंतीला कळली.” एका तरुण अधिकाऱ्याने त्यांना नम्रपणे सांगितलं होतं की आता सगळं वेबसाइटवर टाकलेलं आहे. “छान केलंत,” काका म्हणाले. “ती वेबसाइट कुठल्या गावात आहे? एसटी जाते का तिथे?” अधिकारी हसले. मीही हसले, मान खाली घालून. पण नंतर मी ती यादी वेबसाइटवर शोधायला गेले, तेव्हा तिच्यापर्यंत पोहोचायला मला अर्धा दिवस लागला. आणि मी तर इंग्रजी शिकलेली, ऑफिसात बसलेली मुलगी.

म्हणून आम्ही यादी वाचायचो. गावच्या परवानगीने, ग्रामपंचायतीसमोर, दिवसाढवळ्या. पूर्वी तलाठी चावडीवर जमिनीच्या नोंदी वाचून दाखवायचा, तीच पद्धत. काका उभे राहायचे, टोपी काढायचे, एक नाव वाचायचे, त्या नावापुढची वस्तू वाचायचे आणि थांबायचे. मनात पाच आकडे मोजायचे. तेवढ्यात कुणाला काही म्हणायचं असेल तर त्याने म्हणावं. एका गावात एक आजी तिसऱ्या आकड्यालाच ओरडल्या होत्या, “मला? पंप? मला कवा दिला पंप?” कागदावर आजींच्या नावापुढे सहीच्या जागी अंगठा होता. अंगठा कुणाचा, ते पुढच्या दोन महिन्यांत निघालं आणि पंप आजींच्या दारात आला. वेबसाइटवर त्यांचं नाव तीन वर्षं होतं.

हे सगळं ऐकताना काका मोठे खंबीर वाटतात. मलाही वाटायचे. पण त्यांची एक पद्धत मला सुरुवातीला अजिबात कळत नव्हती. गावात यादी वाचायच्या आधी ते यादीतल्या प्रत्येकाच्या घरी जायचे. एकूण एक. चाळीस नावं असतील तर चाळीस दारं. ज्यांच्या बाबतीत काही गडबड दिसत होती, त्यांच्याकडे तर दोनदा. दारात उभं राहून सांगायचे की अमुक दिवशी तुमचं नाव वाचणार आहे, त्यापुढे हे लिहिलं आहे, आणि आम्हाला जागेवर हे दिसलं. “हे म्हणजे चोराला आधी कळवण्यासारखं झालं,” असं हिशेबनीस म्हणायचे. आठवडेच्या आठवडे त्यात जायचे.

कारण मला पावसाळ्यात एकदा कळलं. एसटी बंद पडली होती आणि आम्ही रस्त्याकडेच्या टपरीत बसलो होतो. मी काही विचारलं नव्हतं. मी विचारत नसल्यामुळेच बहुतेक लोक मला गोष्टी सांगतात.

निवृत्त झाल्यावर त्यांनी वाचलेली ती पहिली किंवा दुसरी यादी होती. त्यात तुषार सिंचनाचा एक संच एका माणसाच्या नावावर होता. हा माणूस संच मिळण्याच्या आधीच वारल्याचं काकांना मृत्यूच्या दाखल्यावरून कळलं होतं. मेलेल्याच्या नावावर अनुदान, म्हणजे उघड लबाडी. काकांनी नाव वाचलं आणि पाच आकडे मोजायच्या आधी स्वतःच म्हणाले, “मयत.” मागे बसलेली एक बाई उठली आणि काही न बोलता निघून गेली. ती त्याची बायको होती. जमिनीवर तिचं नाव लागायचं राहिलं होतं, कारण तलाठ्याकडे तिने अकरा खेपा घातल्या होत्या. संच ती एकटी वापरत होती, आणि चांगला वापरत होती. पंधरा दिवसांत खात्याची माणसं जीपने आली आणि सगळ्या वस्तीसमोर नळ्या उपसून घेऊन गेली.

“त्या यादीत दोन तळी खोटी होती,” काका म्हणाले. “त्यांच्या घरी जीप आली नाही. त्यांनी आधी जाऊन कुणाकुणाला भेटून घेतलं. हिच्यासाठी कोण जाणार भेटायला?”

तिच्या वारसनोंदीसाठी मग काकांनीच तालुक्याला खेपा घातल्या. किती, ते त्यांनी सांगितलं नाही. नोंद झाली. संच मात्र परत मिळाला नाही. “मी तिच्या दारात आधी गेलो असतो तर मला पाच मिनिटांत कळलं असतं,” ते म्हणाले. मग ते उठून एसटीच्या ड्रायव्हरला गाडी दुरुस्त कशी करावी हे सांगायला गेले.

आता ते कोंढव्याला मुलीकडे असतात. गुडघा गेला आहे. मी भेटायला जाते तेव्हा वर्तमानपत्रातल्या निविदा मला वाचायला लावतात. पण मला सांगायचं आहे ते माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षाबद्दल.

लोणी काळभोरच्या पुढे, सोलापूर रस्त्यापासून आत, आमचं गाव आहे. आमचं म्हणजे बाबांचं. तिथे चार एकर जमीन आहे, ती बाबांचे चुलतभाऊ अण्णा कसतात. आम्ही वारज्यात फ्लॅटमध्ये राहतो. बाबा खराडीला एका कंपनीत इंजिनिअर होते, आणि गावाकडे त्यांना सगळे ‘साहेब’ म्हणायचे. गावच्या शाळेला त्यांनी संगणक दिले होते. गणपतीत गेलो की माणसं त्यांना पुढची खुर्ची द्यायची, आणि ते नको नको म्हणत बसायचे. त्यांचा चेहरा त्या वेळी मला फार आवडायचा.

त्या भागातल्या पाच गावांच्या शेततळ्यांच्या याद्या आल्या. आमच्या गावाची मी टाइप करायला घेतली. एकेचाळीस नावं. तेवीस नंबरवर मी थांबले. ते नाव मी आयुष्यभर लिहीत आले होते. माझ्या प्रत्येक मार्कशीटवर, माझ्या नावाच्या आणि आडनावाच्या मधे. मी ते टाइप केलं आणि पुढे चोवीस टाइप केलं. चोवीस दोनदा झालं, ते खोडलं. त्या दिवशी मी कुणाला काही बोलले नाही. मला वाटलं, तळं असेलच. मी कुठे पाहिलंय आपलं सगळं शेत?

कार्यालयातून तळ्यांचे फोटो आले तेव्हा काकांनी ते टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि सात फोटो बाजूला काढले. प्रत्येकात तळ्याच्या काठावर एक माणूस नावाची पाटी घेऊन उभा होता. पाट्या सात, तळं एकच. सातही फोटोंत उजव्या कोपऱ्यात तीच वाकडी बाभूळ होती. “बाभळीला अनुदान द्यायला हवं,” काका म्हणाले. “सात वेळा उभी राहिली.” तेवीस नंबरची पाटी अण्णांनी धरली होती.

आम्ही गावात गेलो. काका एकेका शेतातून चालत होते आणि मी मागून लिहीत होते. आमच्या शेतात कांदा होता, एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत. काका वाफ्यांच्या कडेने पूर्ण लांबी चालले, वळले आणि रुंदी चालले. शेजारच्या शेतात खुरपणारी एक बाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

“काय हुडकताय?” तिने विचारलं.

“तळं,” काका म्हणाले.

“हितं कुठलं आलंय तळं? तळं पल्याडच्या वस्तीवर हाय. समदे तितंच जाऊन फोटो काढत्यात.” मग तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि तिचं तोंड हसरं झालं. “अगं, तू साहेबांची लेक न्हवं? गणपतीला आलतीस की! वाळलीस किती. अण्णास्नी सांगू का, तू आलीस म्हणून?”

मी मान हलवली. नको अशी की हो अशी, मला आठवत नाही. काकांनी वहीत काहीतरी लिहिलं. त्यांनी वर पाहिलं नाही, ना त्या बाईकडे, ना माझ्याकडे.

परतीच्या बसमध्ये हडपसरपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, “तेवीस नंबरचं दार वारज्यात आहे. मी जाऊ, की तुम्ही?”

“मी,” मी म्हणाले.

रविवारी सकाळी बाबा गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. आई बाहेर गेली होती. मी ठरवलेली वाक्यं तीन होती, त्यांपैकी दीडच तोंडातून बाहेर आलं. तरी त्यांना कळलं. त्यांनी नळ बंद केला.

“अण्णाने कागद आणले होते,” ते म्हणाले. “जमीन दोघांच्या नावावर, पण अर्ज माझ्या नावाने केला होता, म्हणून सह्या माझ्या लागल्या. मी केल्या. मला वाटलं, खोदलं असेल त्याने.”

“तुम्ही बघितलं नाही? गणपतीला गेलो होतो आपण.”

“गावात गेलो होतो. शेतात कोण जातं?”

त्यांचं त्यांनाच ते कसं ऐकू आलं असेल, कोण जाणे.

“मग कळलं कधी?”

“गेल्या वर्षी.” ते कुंडीतल्या मातीकडे बघत होते. “पैसे माझ्या खात्यात आले होते. निम्मे अण्णाला दिले. निम्मे... राहिले. मी परत भरतो ना. उद्याच्या उद्या सगळे भरतो. कुणाचं नुकसान नाही. पण नाव कशाला वाचायचं, बाळा? त्या गावात मला... तू नको जाऊस त्या दिवशी. रजा टाक.”

बाबांनी माझ्याकडे यापूर्वी कधी काही मागितलं नव्हतं. मी ‘बघते’ म्हणाले आणि आत गेले.

ऑफिसात काकांनी विचारलं, “जाऊन आलात?” मी हो म्हणाले. “काय म्हणाले?” “परत भरतो म्हणाले.” काकांनी मान डोलावली आणि एक पान माझ्यापुढे सरकवलं. त्या दिवशी माझा आवाज पंख्याखाली पोहोचला की नाही, हे त्यांनी विचारलं नाही.

वाचनाच्या आदल्या दिवशी दुपारी बाबा आमच्या ऑफिसात आले. माझं ऑफिस त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दारात त्यांनी बूट काढले, खरंतर तिथे कुणी काढत नाही. काका उठले, त्यांना व्हरांड्यात घेऊन गेले आणि दार ओढून घेतलं. काचेतून मला दोघांच्या पाठी दिसत होत्या. बाबा हातांनी बोलत होते. काका कठड्यावर हात ठेवून ऐकत होते. वीसेक मिनिटांनी बाबा निघाले, आणि जाताना माझ्या टेबलाकडे न बघता बूट घालू लागले. लेस बांधायला त्यांना खूप वेळ लागला.

काका जागेवर येऊन बसले. त्यांचा चहा तसाच राहिला, साय धरेपर्यंत. मला विचारायचं होतं, बाबा काय म्हणाले? मी विचारलं नाही. संध्याकाळी निघताना तेच म्हणाले, “वडील चांगले आहेत तुमचे.” एवढंच.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर सतरंज्या अंथरल्या होत्या. शंभरेक माणसं असतील. सरपंचबाई खुर्चीवर, अण्णा मागच्या ओळीत खांबाला टेकून. बाबा आले नव्हते. माझ्या हातात यादीची दुसरी प्रत होती, कुणी काही बोललं तर नावापुढे लिहायला.

काकांनी टोपी काढली आणि सुरुवात केली. चौथ्या नंबरवर सातांपैकी पहिलं नाव आलं. एक तरुण शेतकरी उठला, सगळ्यांकडे पाठ करून फक्त काकांना म्हणाला, “न्हाई खांदलं. बहिणीचं लगीन निघालं. दिवाळीपातुर खांदतो.” कुणीतरी मागून म्हणालं, “बाभळीला पत्रिका दिलती का?” आणि हशा पिकला. त्याचे कान लाल झाले, पण तो बसला नाही. सरपंचबाईंनी लिहून घेईपर्यंत उभा राहिला. नवव्या नंबरचा भांडला. सतराव्याची बायको उठली आणि तिने नवऱ्यालाच विचारलं, “पैसं आलतं? मला म्हनला, न्हाई आलं.” या वेळी कुणी हसलं नाही.

मी लिहीत होते. वीस. एकवीस. प्रत्येक नावानंतर काका थांबत होते, आणि मीही त्यांच्याबरोबर पाच मोजत होते. बावीस. शेततळं. एक, दोन, तीन, चार, पाच.

“चोवीस,” काका म्हणाले.

आवाज तोच होता. चेहरा तोच होता. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. यादी फक्त त्यांच्याकडे आणि माझ्याकडे होती. खांबाला टेकलेले अण्णा तेवढे एकदम सरळ झाले आणि पुन्हा सैल टेकले.

मी खोटं बोलणार नाही, मला सुटल्यासारखं वाटलं. झालं. कुणी काही विचारणार नाही. बाबा पैसे भरतील. पुढच्या गणपतीत त्यांना पुढची खुर्ची मिळेल आणि ते नको नको म्हणत बसतील. मला फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते मला सगळ्यांत चांगलं येत होतं.

मी काकांकडे पाहिलं. चोवीसनंतर ते थांबले होते, पण ते गावाकडे बघत नव्हते. खाली कागदाकडे बघत होते. ज्या माणसाने अर्ध्या इंचासाठी तीन गावं पुन्हा चालून काढली होती, त्याने एक नाव गाळलं होतं. माझ्यासाठी. बाबा त्यांना भेटून गेले होते म्हणून. आमच्यासाठी जाऊन भेटायला कुणीतरी होतं.

तो तरुण शेतकरी पुढच्याच ओळीत बसला होता. त्याचे कान अजून लाल होते.

मी उठले. सतरंजीत पाय अडकला, तो सोडवला. शंभर माणसं माझ्याकडे बघायला लागली. काकांनी वर पाहिलं आणि अगदी हळू मान हलवली. नको, अशी.

“काका, तेवीस राहिला,” मी म्हणाले. “तेवीस नंबर माझे वडील आहेत. शेततळ्याचं अनुदान त्यांना मिळालं आहे. तळं खोदलेलं नाही.”